पावसात, अकरा जण, डोंगरावरच्या केबिनमध्ये मुक्काम: निघावं की रद्द करावं?

ओलीवाट | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आमचा अकरा जणांचा गट डोंगरावरच्या एका केबिनमध्ये मुक्कामाला निघतोय. एरवी मी कुणाच्या तरी मागे चालणारी. या वेळी सगळ्यांना घेऊन जायची जबाबदारी पहिल्यांदाच माझ्यावर आली आहे.

वाट नऊ किलोमीटरची, चढ साधारण ९०० मीटर. वाटेत दोन ओढे लागतात. पहिल्यावर लाकडी साकव आहे, दुसरा पाण्यात उतरूनच ओलांडावा लागतो. झाडी संपली की पुढे उघडं पठार आणि त्याच्या कडेला केबिन. तिथे कुणी राहत नाही. बंक आहेत, ब्लँकेटं आहेत, लाकडावरची शेगडी आहे. चावी खालूनच न्यायची.

हवामानाचा अंदाज असा: शनिवारी दुपारपासून पाऊस, रात्री जोर, रविवारी सकाळी उघडीप. गटात चार जण कसलेले, पाच जण अधूनमधून जाणारे आणि दोघी अगदी नवख्या. त्यातली एक माझी मावसबहीण. गेले दोन महिने रोज जिने चढून तिनं तयारी केली आहे.

वादळाचा इशारा असता तर रद्द केलं असतं, विषय संपला असता. पण नुसत्या पावसासाठी रद्द करावं का? आणि गेलोच, तर "आता पुरे, मागे फिरा" हे नेमकं कशावरून ठरवायचं? वर पक्कं छप्पर आहे म्हणून बाकी सगळे निर्धास्त आहेत. मला मात्र झोप लागत नाहीये.

सॅकवाला | सोमवार, रात्री १०:०५

जा बिनधास्त. पावसाळी मुक्कामासारखं दुसरं सुख नाही. पत्र्यावर पावसाचा ताशा, आत शेगडीची ऊब, बाहेर हात दिसणार नाही असं धुकं. उन्हातले ट्रेक मला एकमेकांत मिसळून आठवतात, पावसातला एकही विसरलेलो नाही. आणि छप्पर आहे हो! उघड्यावर तंबू ठोकायचा असता तर मीही विचार केला असता.

धुकेरी | सोमवार, रात्री १०:३१

आधी वेळेचा हिशेब करा, बाकी नंतर. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम सांगितला, तो अजून चालतो: सपाटीला पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास.

तुमचे नऊ किलोमीटर म्हणजे एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. ९०० मीटर चढाचा दीड तास. बेरीज तीन तास अठरा मिनिटं. पण हा धडधाकट, हलक्या ओझ्याच्या, कोरड्या वाटेवरच्या, न थांबणाऱ्या माणसाचा हिशेब आहे. अकरा जण, पाठीवर मुक्कामाची सॅक, निसरडी वाट, कुणाची लेस सुटली, कुणाला रेनकोट काढायचाय. मी याला सरळ दीडपट करतो. पाच तास धरा. दहाला निघालात तर तीनला केबिन, आणि तेही काहीच बिघडलं नाही तर.

सॅकवाला | सोमवार, रात्री १०:४०

धुकेरी, पाच तास जरा जास्तच होतात की. चार पुरेत.

धुकेरी | सोमवार, रात्री १०:४४

चारात पोचले तर एक तास शेगडीजवळ जास्त बसतील. मी चार सांगितले आणि पाच लागले तर तो तास अंधारातून कापला जाईल.

वाचक_फक्त | सोमवार, रात्री ११:०२

वाचतोय. आमचाही असाच बेत आहे.

तिसरी_खिंड | मंगळवार, सकाळी ७:१५

सॅकवालांच्या "छप्पर आहे हो" या वाक्यावर थोडं लिहितो. मला वाटतं खरी गोम तिथेच आहे.

तंबू घेऊन निघालेला गट थकला की जिथे असेल तिथे थांबू शकतो. केबिनला निघालेल्या गटाचं सगळं चित्त त्या छपरात असतं. अंगावर पाऊस वाढेल तसं ते छप्पर जास्त खेचतं. खाली परत जाणं म्हणजे पुन्हा तीन तास भिजणं, वर जाणं म्हणजे "आता तासाभराचंच काम". मग ओढा चढलेला असो, उजेड कमी असो, माणूस पुढेच जातो. शिवाय मुक्कामाचं सामान हलकं करायला जाडे कपडे, जास्तीचं खाणं हे सगळं "केबिनमध्ये आहेच की" म्हणून घरी राहिलेलं असतं.

स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म पठारावर नोव्हेंबर १९७१ मध्ये एक फार मोठी दुर्घटना झाली. शाळकरी मुलांचा गट होता. ताकदीप्रमाणे दोन तुकड्या केल्या होत्या आणि दोघींना पठारावरचा एकच छोटा निवारा गाठायचा होता. हवा बिघडली. दमदार तुकडी निवाऱ्यात पोचली. कमी ताकदीची तुकडी पोचू शकली नाही, तिला बर्फाच्या वादळात उघड्यावर रात्री काढाव्या लागल्या. सहा जण गेले, त्यात पाच विद्यार्थी. पुढे बराच वाद झाला की इतक्या उंचावर असे निवारे असावेत तरी का, कारण लोक त्यांच्या भरवशावर नको त्या हवेत वर जातात. तो निवारा नंतर पाडलासुद्धा.

तिथला हिवाळा आणि तुमचा पाऊस यांची तुलना करत नाहीये. पण दोन गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात. ताकदीप्रमाणे गट फोडू नका. आणि केबिन हे मनातलं एकमेव ठिकाण होऊ देऊ नका. रात्र काढता येईल अशी दुसरी जागा निघण्याआधीच ठरवा. ती पायथ्याला असली तरी चालेल. ती ठरलेली असली की मागे फिरणं म्हणजे हरणं उरत नाही, दुसऱ्या मुक्कामाला जाणं होतं.

रानपाखरू | मंगळवार, सकाळी ८:५०

तिसरी_खिंड, शेवटचं वाक्य लिहून ठेवलंय.

नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियमांची एक संहिता आहे. लहान मुलांनाही ती माहीत असते. त्यातला आठवा नियम म्हणजे "वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही." ज्या देशात डोंगरातल्या केबिनींचं एवढं मोठं जाळं आहे त्या देशालाही हे नियम करून सांगावं लागलं, याचा अर्थ लाज सगळ्यांनाच वाटते.

स्टेथोस्कोप | मंगळवार, दुपारी १:२०

डॉक्टर म्हणून लिहिते. पावसात लोकांना पाय घसरण्याची भीती असते. मला गारठ्याची जास्त वाटते.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. हवा दहा-बारा अंशांची, अंगावर ओले कपडे आणि वारा, एवढं पुरतं. पाणी हवेच्या जवळपास पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. आणि साधारण दर १०० मीटर चढाला हवा अर्धा-पाऊण अंश थंड होते. म्हणजे तुमच्या पायथ्याला १७ अंश असतील तर केबिनपाशी ११ च्या आसपास, आणि पठारावर वारा वेगळाच.

लक्षणं माणूस स्वतः सांगत नाही, ती दुसऱ्याने पाहायची असतात. चालताना अडखळणं, जीभ जड होणं, बोटांनी साधी चेन न लागणं, उगाच चिडचिड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलकं माणूस गप्प होणं. कुडकुडत असेल तोवर शरीर झुंजतंय. ऊब न मिळताच कुडकुडणं थांबलं तर ती धोक्याची घंटा.

करायचं काय: वाऱ्याआड घ्या, ओलं काढा, कोरडं घाला, डोकं झाका, खाली बसवताना ओल्या जमिनीवर नको तर सॅकवर बसवा. नीट शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय. हातपाय चोळायचे नाहीत. दारू अजिबात नाही. तिने ऊब वाटते, पण त्वचेकडचं रक्त वाढून आतली उष्णता बाहेर पडते.

म्हणून प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक पूर्ण कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून हवाच. तो केबिनमध्ये पोचेपर्यंत उघडायचा नाही. कुणी कुडकुडायला लागलं तरच.

भटकभवानी | मंगळवार, दुपारी २:०५

कपड्यांवरून सांगते. सुती आणि जीन्स घरी ठेवा, सुती कापड पाणी पिऊन बसतं आणि सुकायचं नाव घेत नाही. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरते. कृत्रिम धाग्याचे कपडे पटकन सुकतात. पिसांचं जॅकेट मात्र भिजलं की पिसं गोळा होतात आणि ते निकामी. ते नेलंत तर केबिनच्या आतच घाला.

आणि छत्री न्या! मला सगळे हसतात. पण झाडीतल्या वाटेवर छत्रीसारखं सुख नाही. मान मोकळी, कानांवर टोपी नाही, अंगाला घाम नाही.

सॅकवाला | मंगळवार, दुपारी २:१२

भवानीताई, पठारावर वाऱ्यात छत्री घेऊन तुम्ही केबिनमध्ये चालत नाही, उडत पोचाल.

भटकभवानी | मंगळवार, दुपारी २:१५

म्हणून तर "झाडीतल्या वाटेवर" म्हटलं. झाडी संपली की छत्री सॅकला आणि रेनकोट अंगाला. :)

धुकेरी | मंगळवार, दुपारी ३:३०

छत्रीला माझं मत आहे. महागातला "श्वास घेणारा" रेनकोटसुद्धा चढावर आतून ओला होतो, आणि लोक म्हणतात फसवलं. तसं नसतं. १९६९ मध्ये बॉब गोर यांना आढळलं की पीटीएफई, म्हणजे ज्याचा टेफ्लॉन होतो तोच पदार्थ, झटक्यात ताणला की त्यात अतिसूक्ष्म छिद्रं पडतात. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ जाते. पण वाफ बाहेर जायला बाहेरची बाजू कोरडी असावी लागते. तासन् तास पावसात वरचं कापड पाणी धरून बसलं की वाफेची वाट बंद. मग आत घाम साचतो. उपाय एकच, सावकाश चाला. घाम येणार नाही एवढाच वेग ठेवा. तुमच्या गटाला तसंही नवख्यांच्या वेगानेच जायचंय.

जुनाबूट | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

सगळ्यांनी आजच बूट काढून बघा. वर्षानुवर्षं कपाटात राहिलेले बूट दिसायला नवे दिसतात, पण अनेक बुटांच्या तळव्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने हळूहळू कुजतं. न वापरताही कुजतं. आणि मग पहिल्याच ओल्या ट्रेकला अख्खा सोल सुटून हातात येतो. माझा आलाय. दोन्ही पायांचा, एकाच दिवशी.

बूट हातात घेऊन जोरात वाकवा, अंगठ्याने तळव्याची कड दाबा. भुगा पडला किंवा भेग दिसली तर ते न्यायचे नाहीत. आणि गटात दोन-तीन मीटर बारीक दोरी आणि रुंद चिकटपट्टी ठेवा.

काजवा | मंगळवार, रात्री ९:२२

शेगडीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी आम्ही सात जण अशाच एका केबिनमध्ये होतो. सगळं चिंब. शेगडी पेटवली, दोऱ्या बांधून कपडे वाळत टाकले, वारा येतो म्हणून खिडकीच्या फटीत कापड कोंबलं. शेगडीचा धूर नीट ओढला जात नव्हता, म्हणून वर गॅसचा छोटा स्टोव्हही आतच पेटवला. रात्री साडेबाराच्या सुमारास मला डोकं ठणकून जाग आली. शेजारच्याला हलवलं तर तो मळमळतंय म्हणाला. तिसऱ्याचंही डोकं दुखत होतं. एकाच वेळी तिघांचं डोकं का दुखेल, एवढा विचार त्या झोपेत सुचला हे नशीब. दार उघडलं, सगळ्यांना ओढून पावसात बाहेर काढलं.

कोंडलेल्या खोलीत जळण अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. आम्ही सातही जण आज आहोत, पण त्या रात्रीनंतर मी सेलवर चालणारा तपासणीचा अलार्म घेतल्याशिवाय केबिनमध्ये झोपत नाही. शेगडीचा धुराडा मोकळा आहे का आधी पाहा, झोपण्याआधी विस्तव विझू द्या, एक खिडकी बोटभर उघडी राहू द्या. कपडे ओले राहिले तर राहू देत.

स्टेथोस्कोप | मंगळवार, रात्री ९:४०

काजवा, हे लिहिलंत फार बरं केलंत. "एकाच वेळी अनेकांचं डोकं दुखणं" हीच खूण.

निवांतपणे | मंगळवार, रात्री १०:१०

वातावरण गंभीर झालंय, म्हणून केबिनमधल्या खऱ्या संकटाकडे वळतो: घोरणारे! अकरा जणांत दोन तरी असतात. त्यांना सगळ्यांत शेवटी झोपू द्यावं, हा आमच्या गटाचा नियम. कानात घालायचे बोळे ही मी डोंगरात नेलेली सगळ्यात हलकी आणि सगळ्यात मोलाची वस्तू.

रानपाखरू | मंगळवार, रात्री १०:२५

घोरणारे परवडले. पहाटे चारला प्लास्टिकच्या पिशव्यांची चुरचुर करत सॅक भरणारे नकोत. सॅक रात्रीच भरून दाराशी ठेवावी.

केबिनींचा मला फार जिव्हाळा आहे. स्विस अल्पाइन क्लब १८६३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्यांनी पहिली केबिन बांधली, ग्रुनहॉर्नची. नॉर्वेतल्या डोंगरभटक्यांच्या संस्थेला १८६८ पासूनची परंपरा आहे. तिथल्या अनेक केबिनींमध्ये कुणीही नसतं. सभासदाकडे एक चावी, आणि तीच चावी अशा शेकडो केबिनींना लागते. आत जायचं, राहायचं, वापरलं त्याचे पैसे आपणहून भरायचे, निघताना झाडून काढायचं आणि पुढच्या माणसासाठी लाकूड फोडून ठेवायचं. भिजून काकडत आलेल्या अनोळखी माणसाला कोरडं सरपण मिळावं म्हणून आदल्या दिवशी कुणीतरी कुऱ्हाड चालवलेली असते. मला यात डोंगराचा सगळा धर्म दिसतो.

ओलीवाट, तुमच्याही केबिनमध्ये वही असेल तर पोचल्याबरोबर नावं, वेळ आणि दुसऱ्या दिवशीची वाट लिहा. शोधायची वेळ आली तर ती वहीच पहिली उघडली जाते.

ओढ्याकाठचा | बुधवार, सकाळी ६:५५

मुख्य प्रश्न तो दुसरा ओढा आहे.

एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडमध्ये नदी ओलांडताना इतके लोक बुडत की बुडून मरण्याला "न्यूझीलंडचा मृत्यू" म्हणत. त्यामुळे तिथे हे शिक्षण फार बारकाईनं दिलं जातं. काठावर उभं राहून आधी बघायचं आणि ऐकायचं. पाणी गढूळ झालंय? फांद्या, ओंडके वाहून येताहेत? तळातून दगड गडगडल्याचा आवाज येतो? यातलं एक जरी "हो" असलं तरी पाण्यात पाय घालायचा नाही. मग एक काडी टाकायची आणि काठाने तिच्याबरोबर चालायचं. काडी आपल्या चालीपेक्षा पुढे गेली तर पाणी तुम्हाला उभं राहू देणार नाही.

दोरी बांधून ओलांडायचा मोह टाळा. पाय सुटला की दोरी माणसाला वर काढत नाही, प्रवाहात दाबून धरते.

सॅकवाला | बुधवार, सकाळी ९:१०

दोरीचं पटलं. पण सॅकचा कंबरपट्टा सोडून ओलांडावं हे तरी बरोबर ना? मला तसंच शिकवलंय. पडलो तर सॅक टाकून देता यावी म्हणून.

ओढ्याकाठचा | बुधवार, सकाळी ९:३५

यावर दोन मतं आहेत. एकट्यानं ओलांडताना पट्टे सोडा असं बरेच जण शिकवतात. न्यूझीलंडमध्ये गटानं एका ओळीत, एकमेकांच्या पाठीमागून सॅक धरून ओलांडायची पद्धत आहे. त्यात कंबरपट्टा बांधलेलाच ठेवतात, कारण आतून पिशवीबंद केलेली सॅक तरंगते. मी गटात दुसरी पद्धत वापरतो. पण ज्या पाण्यात "पडलो तर काय" हा प्रश्न खरोखर पडतो, त्या पाण्यात नवख्यांना नेतच नाही.

सॅकवाला | बुधवार, सकाळी ९:४१

हे मान्य. सोमवारी मी "बिनधास्त" लिहिलं तेव्हा त्या ओढ्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तो शब्द मागे घेतो.

ओलीवाट | गुरुवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदावर उतरवलं आणि काल गटाची बैठक घेतली. ठरलं ते असं.

जायचं. दहाला निघायचं. सर्वात पुढे मी, सर्वात मागे आमच्यातला सगळ्यात कसलेला माणूस, आणि त्या दोघांच्या मध्ये सगळे. गट फुटणार नाही. तीन वाजेपर्यंत दुसरा ओढा पार झाला नाही तर मागे. पाण्याच्या खुणांपैकी एक दिसली तरी मागे, मग किती का वाजलेले असेनात. पायथ्याला तीन भिंतींचा निवारा आहे, तिथे गाडीत जास्तीची ब्लँकेटं ठेवली आहेत. दुसरा मुक्काम तोच. कोरडे जोड, शिट्ट्या (मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, हा मदतीचा संकेत सगळ्यांकडून घोकून घेतला), अलार्म, दोरी, चिकटपट्टी घेतली.

जुनाबूट, तुमचं ऐकून सगळ्यांना बूट वाकवायला लावले. सगळ्यांचे ठीक आहेत म्हणाले.

जुनाबूट | गुरुवार, रात्री ८:५२

"म्हणाले" की तुम्ही पाहिलं?

वाचक_फक्त | शनिवार, रात्री १०:१५

ओलीवाट, इकडे धो धो पडतोय. सगळे सुखरूप असाल अशी आशा. सवड मिळाली की दोन ओळी टाका.

ओलीवाट | रविवार, रात्री ९:०५

सगळे घरी सुखरूप आहेत. केबिन गाठली नाही.

निघायला पावणेअकरा झाले. चौथ्या किलोमीटरला मावसबहिणीच्या उजव्या बुटाचा सोल उघडला, कड सोडून टाचेपर्यंत. बूट तिने आईकडून घेतले होते, वाकवून पाहिलेच नव्हते. चिकटपट्टी ओल्यावर धरेना, शेवटी दोरीने तळव्याखालून तीन वेढे घेऊन बांधला. तेवढ्यात पंचवीस मिनिटं गेली आणि उभं राहून सगळे गार पडले. पाऊस अंदाजापेक्षा दोन तास आधी आला होता.

दुसऱ्या ओढ्यावर दोन चाळीसला पोचलो. म्हणजे वेळ हातात होती. पाणी गुडघ्याच्या जरा वर असेल, फार नाही. पण तांबूस गढूळ. काडी टाकली आणि तिच्याबरोबर चालू लागले, तर मला पळावं लागलं. आम्ही सगळे दोन मिनिटं गप्प राहून ऐकत होतो, तेव्हा खालून दगड सरकल्याचा आवाज आला. पोटातून येतो तसा.

मी "मागे" म्हटलं. मागून चालणारा आमचा कसलेला मित्र म्हणाला, केबिन पन्नास मिनिटांवर आहे, आम्ही चौघे आधी उतरतो, दोरी लावतो, मग बाकीच्यांना घेतो. इतका वेळ भिजलेल्या माणसांना पुन्हा खाली न्यायचं म्हणजे त्यांचे हाल आहेत, हेही त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दोरीबद्दल इथे वाचलेलं सांगितलं आणि वळले. मला स्वतःलाही वाटत होतं की पन्नासच मिनिटं तर आहेत.

उतरताना अर्ध्या तासाने लक्षात आलं की मावसबहीण बोलत नाहीये. ती एरवी क्षणभर गप्प बसत नाही. काय झालं विचारलं तर "काही नाही" एवढंच, तेही जीभ जड. झाडाच्या आडोशाला सॅकवर बसवलं, ओलं काढलं, कोरडा जोड घातला, थर्मासमधलं गरम पाणी साखर घालून दिलं. वीस मिनिटांनी ती माझ्यावर रागावली की सगळ्यांसमोर कपडे काय बदलायला लावतेस. तिचा राग ऐकून मला रडू आलं. तो ओढा ओलांडला असता तर हे सगळं पठारावरच्या वाऱ्यात झालं असतं.

रात्र पायथ्याच्या निवाऱ्यात काढली. घोरणारे तीन निघाले.

आता खरी बोच सांगते. सकाळी ऊन पडलं. तो मित्र आणि आणखी तिघे पहाटेच वर गेले, मला सांगून. ओढ्याला पोटरीभर, स्वच्छ पाणी होतं म्हणे. अकराला केबिनमधून फोटो पाठवला. तो वाईट काही बोलला नाही, पण नीटही बोलला नाही. गाडीत सगळे शांत होते. मी बरोबर केलं का?

ओढ्याकाठचा | रविवार, रात्री ९:२०

बरोबर केलंत. लहान डोंगरी ओढा जसा झपाट्याने चढतो तसाच झपाट्याने उतरतो. सकाळचं पाणी शनिवारी दुपारच्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. तुम्ही ठरवलंत ते दोन चाळीसला, आणि दोन चाळीसला तिन्हींपैकी दोन खुणा समोर होत्या, वर काडीही पळत होती.

स्टेथोस्कोप | रविवार, रात्री ९:३३

बहिणीला आज कसं वाटतंय? थकवा राहील, भरपूर झोपू द्या. तुम्ही ओळखलंत आणि थांबलात, मला फार बरं वाटलं.

तिसरी_खिंड | रविवार, रात्री १०:०२

मागे फिरल्यावर काय टळलं ते कधीच दिसत नाही. जे हुकलं ते मात्र दुसऱ्या दिवशी फोटोत दिसतं. म्हणून मागे फिरणाऱ्याच्या मनात शंका राहते. माझ्याही आहेत, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सुद्धा.

मित्राशी मात्र या आठवड्यातच बोला, आणि एकटी बोला. त्याला चूक ठरवायला नको. तो अनुभवी आहे, स्वतःच्या पायांवर त्याचा भरवसा आहे आणि चौघांपुरता तो कदाचित बरोबरही असेल. तुम्ही अकरा जणांचं ठरवत होतात. एवढं एकदा समोरासमोर सांगितलंत की पुढच्या वेळी तोच तुमच्या मागे चालेल.

सॅकवाला | रविवार, रात्री १०:१५

ओलीवाट, त्या जागी मी असतो तर मी त्याच्यासारखंच बोललो असतो. म्हणून सांगतो, दोन दिवस द्या. त्यालाही दगडांचा आवाज ऐकू आलाच होता.

ओलीवाट | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

काल त्याचा फोन आला. केबिनच्या वहीत त्याने अकराही जणांची नावं लिहिली आहेत आणि पुढे "सात जण दुसऱ्या ओढ्यावरून मागे, सुखरूप" असं. मला ते ठाऊकच नव्हतं.

पावसाचा जोर ओसरला की पुन्हा जाणार आहोत. मावसबहीण येतेय, तिने जिने पुन्हा सुरू केलेत. फक्त तिच्याकडे बूट नाहीत.

जुनाबूट | मंगळवार, संध्याकाळी ७:३६

माप?

ओलीवाट | मंगळवार, संध्याकाळी ७:३८

सहा.

जुनाबूट | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

मुलीचा जोड आहे, एकाच मोसमात पाय वाढला म्हणून पडून आहे. आत्ता वाकवून पाहिला, कड दाबून पाहिली, पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवायला टाकलाय. उद्या सांगतो.